पालथी बुट्टी

खानापूरच्या अलीकडे,
बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याच्या जागेत
आम्ही अकरा घरं.
घर म्हणजे दीड खोली, मोरी,
आणि आतून लागणारी कडी.
बाकी सगळं सामाईक.
भट्टी होती तिथं स्वयंपाकघर
(भिंत अजून काळीच, पाचदा चुना मारून झाला),
एक शिडी, एक वॉशिंग मशीन, दोन विळ्या,
आणि मेल्विनची मोटरसायकल,
तो नाही म्हणेपर्यंत.

सुरुवातीला कुणीही कुणाकडेही शिरायचं.
मीठ आहे काय, पाना आहे काय,
काही नाही गं, सहजच.
मी पस्तीस वर्षं पोस्टात
खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेली.
मला मधे जाळी लागते.

म्हणून खूण ठरली.
प्रत्येकाच्या दाराशी एक बुट्टी.
उताणी असेल तर या.
पालथी असेल तर नको.
बुट्टीला दोन्ही भाषांत बुट्टीच म्हणतात,
त्यामुळे त्या सभेत भांडण झालं नाही.

भांडण झालं पाटीवरून.
फाटकावर कुठली लिपी वर,
कुठली खाली, अक्षर किती बोटं मोठं.
नंदगडचा पेंटर नुसता पिवळा हात मारून
फणसाखाली तीन तास बसला,
डबा खाल्ला, झोपला, उठला,
मजुरी घेऊन गेला.
त्या तीन तासांत मी नीलव्वाला जे बोलले
ते तिचं एकटीचं नव्हतंच.
माझ्या बापाचं होतं, तिच्या सासऱ्याचं होतं,
कुठल्याशा जुन्या बसच्या फुटलेल्या काचेचं होतं.
पण ऐकलं तिनं.

रात्री बुट्टी पालथी घातली.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही.
कुणी यावं असं नव्हतंच.
दुसऱ्या दिवशी बुट्टीवर झाकलेली ताटली.
आमटी बेताची तिखट, म्हणजे रेहाना.
तिसऱ्या दिवशी वीजबिलाची चिठ्ठी,
माझ्या वाट्याचे दोनशे बारा, खाली दोन रेघा.
भिंतीपलीकडचा रेडिओ मात्र लागेना.
पहाटे साडेपाचला धारवाड,
मी रोज नावं ठेवायचे त्याला.
चौथ्या रात्री कुणाच्या तरी चपला दाराशी थांबल्या,
खोकल्या, गेल्या.
नियम सगळ्यांनी इतका चोख पाळला
की मला त्यांचा राग आला.

पाचव्या सकाळी बाहेर करकर.
खिडकीतून पाहिलं.
नीलव्वा.
माझ्या पालथ्या बुट्टीवर बसलेली,
अख्खी, आपल्या सगळ्या वजनानिशी.
ओच्यात पावट्याच्या शेंगा,
दाणे पातेल्यात,
सालपटं माझ्या पायरीवर.
मान वर न करता म्हणाली,
"ना येन बागला बडदिल्ल."
मी काही दार वाजवलं नाही.

खरंच होतं.
बसायचं नाही, असं कुठं ठरलं होतं?

"बुट्टी मोडंल," मी आतून. कानडीत.
"मोडू दे की," ती. मराठीत.
मग बराच वेळ
नुसत्या शेंगा फुटत राहिल्या.

माफी कुणी मागितली नाही.
मी कडी काढली
ती पायरीवरची सालपटं भरायला,
आणि भरायला काही हवं म्हणून
तिला म्हटलं, ऊठ जरा.

ती उठली.
बुट्टीची एक बाजू कायमची बसली होती.

आता उताणी ठेवली तरी ती कलते,
पालथी ठेवली तरी कलते.
येणारे दाराशी घुटमळतात,
मान वाकडी करून बघतात,
अक्का, काय समजायचं?
मी म्हणते, बघा की तुम्हीच.

फाटकावर पाटी अजून नुसती पिवळी.
पोस्टमन पोरगा नवा आहे,
पत्रांवर कारखान्याचंच नाव असतं,
पण तो बरोबर येतो.